पातळ बर्फाचा हिशेब

डिसेंबरातली संध्याकाळ. भिवंडीतल्या टेमघरात आमच्या इमारतीच्या खाली चार पोरं पाठपिशव्या बांधत बसली होती. कल्याणहून दिल्लीची गाडी, तिथून उत्तराखंडातलं सांकरी गाव आणि मग केदारकंठा, साधारण 12,500 फूट. माहुली आणि मलंगगड पालथे घालून झाले की भिवंडी-कल्याणकडच्या पोरांना हिमालय खुणावतोच. त्यांच्यातल्या एकाची आई चिवड्याचा डबा घेऊन खाली आली आणि मला म्हणाली, "भाऊ, यंदा बर्फ कमीच पडलाय म्हणे. तेवढाच जिवाला घोर कमी."

तिला तिथल्या तिथे उत्तर देणं जमलं नाही. ते वाक्य ऐकायला अगदी बरोबर वाटतं, आणि ते का बरोबर नाही हे सांगायला बर्फ आतून कसा असतो तिथपासून सुरुवात करावी लागते.

आपल्याला ते बरोबर का वाटतं, तेही समजण्यासारखं आहे. आपण सह्याद्रीची माणसं. डोंगर कोसळताना आपण पाहिले आहेत ते पावसाळ्यात. 30 जुलै 2014 ला माळीण गेलं, दीडशेवर माणसं मातीखाली गेली. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. दोन्ही वेळा आधी मुसळधार पाऊस झाला होता. त्यामुळे किती मिलिमीटर पडला, त्यावरून धोका किती हे ठरवायची सवय आपल्या अंगात मुरली आहे. पाऊस पडतो, वाहून जातो, मुरतो. मागच्या महिन्याच्या सरी डोंगरावर थरांनी रचून राहत नाहीत. बर्फ राहतो. नोव्हेंबरात पडलेला बर्फ फेब्रुवारीतही खाली तसाच दबून असतो, आणि मधल्या काळात तो बदललेला असतो. म्हणून बर्फाच्या बाबतीत किती पडला याइतकंच, कशावर पडला आणि किती दिवसांच्या अंतराने पडला, हेही विचारावं लागतं.

आपल्याकडच्या कुठल्याही यंत्रमागाच्या गोदामात हे समजावून घेता येतं. सुती ग्रे कापडाचे तागे एकावर एक रचले की थप्पी छान बसते. कापड खरखरीत, एकाला दुसरं धरून ठेवतं. आता त्याच थप्पीत मधे एक गुळगुळीत पॉलिस्टरचा तागा सरकवा आणि खालच्या फळीला उतार द्या. थप्पी काही वेळ उभी राहील. वर आणखी दोन तागे टाकलेत, किंवा एखाद्याचा खांदा नुसता लागला, की त्या पॉलिस्टरच्या वरचं सगळं एकदम, एका ठोकळ्यासारखं खाली येईल. वर टाकलेलं कापड चांगलं होतं की वाईट याला तिथे महत्त्व नसतं. गुळगुळीत तागा मधे होता म्हणून थप्पी गेली.

माणसांचा जीव घेणारी हिमस्खलनं बहुतांशी अशीच असतात. तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: वर एकसंध, घट्ट बसलेला बर्फाचा पाट, त्याखाली कमकुवत थर, आणि पुरेसा उतार. चौथी गोष्ट म्हणजे धक्का. तो नव्या बर्फाच्या वजनाचा असतो, वाऱ्याने आणून टाकलेल्या बर्फाचा असतो, किंवा माणसाच्या पावलाचा. हिमस्खलनात सापडलेल्या गिर्यारोहकांपैकी बहुतेकांनी तो धक्का स्वतःच, किंवा त्यांच्या सोबत्याने दिलेला असतो. हे ऐकताना टोचतं, पण त्यातच आशाही आहे: निम्मी गोष्ट आपल्या पावलांवर अवलंबून राहते.

आता मुख्य प्रश्न. कमकुवत थर येतो कुठून, आणि कमी बर्फाच्या वर्षी तो जास्त का तयार होतो?

हिमालयात हिवाळ्याचा बर्फ आणतात ते पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्राकडून निघून इराण-अफगाणिस्तानावरून येणारे हे वारे एकामागून एक येतात, आणि प्रत्येक फेरीत एक थर टाकून जातात. चांगल्या वर्षी त्या फेऱ्या जवळजवळ असतात. वाईट वर्षी सुरुवातीला एखादा येतो, हातभर बर्फ टाकतो आणि मग तीन-चार आठवडे निरभ्र आकाश. दिवसा ऊन, रात्री कडाका. पर्यटकाच्या डोळ्यांना हे सुंदर दिसतं. त्या हातभर बर्फाच्या पोटात मात्र याच दिवसांत बिघाड सुरू होतो.

बर्फाखालची जमीन फारशी गार नसते. उन्हाळ्याची ऊब तिने धरून ठेवलेली असते आणि वरच्या बर्फाची गोधडी तिला थंड होऊ देत नाही, त्यामुळे बर्फ जिथे जमिनीला टेकतो तिथे तापमान शून्य अंशाच्या आसपास असतं. वरचा पृष्ठभाग मात्र निरभ्र रात्री उणे 12 किंवा त्याहूनही खाली उतरतो. समजा बर्फ दोन मीटर, म्हणजे 200 सेंटिमीटर जाड आहे. 12 अंशांचा फरक 200 सेंटिमीटरांत विभागला, तर दर 10 सेंटिमीटरला 0.6 अंश. आता तोच बर्फ फक्त 40 सेंटिमीटर जाड आहे असं धरा. फरक तोच 12 अंशांचा, पण दर 10 सेंटिमीटरला 3 अंश. हिमशास्त्रात दर 10 सेंटिमीटरला साधारण 1 अंश ही सीमारेषा मानतात. तिच्या खाली बर्फाचे कण गोल होत जातात, एकमेकांना चिकटतात आणि थर मजबूत होतो. तिच्या वर गेलं की उलटं घडतं. खालच्या उबदार बर्फातून वाफ निघते, कणाकणांमधल्या फटींतून वर चढते आणि वरच्या गार कणांवर जाऊन गोठते. कण मोठे होतात, त्यांना कोन आणि कडा फुटतात, पुढे पेल्यासारखे पोकळ स्फटिक बनतात आणि शेजारच्या कणाशी असलेली पकड सुटते.

आठवडा-दोन आठवडे असं चाललं की तळाचा बर्फ रवाळ साखरेसारखा होतो. मुठीत घेऊन दाबा, गोळा होत नाही. पाक कच्चा राहिलेला रव्याचा लाडू कसा हातात धरता धरता ढासळतो, अगदी तसा. त्या आईला मी हेच सांगायला हवं होतं: कमी बर्फ म्हणजे पातळ गोधडी, आणि पातळ गोधडीतला बर्फ आतून सुटतो. धोक्याचा पाया बर्फाच्या कमीपणातच घातला जातो.

कमकुवत थराची दुसरी जात आहे, आणि तिच्यासारखं काही आपण महाराष्ट्रातही पाहतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी थंडीच्या कडाक्यात पहाटे हिमकण साठल्याची बातमी दर हिवाळ्यात येते, गवतावर पांढरी भुकटी दिसते. हिमालयात निरभ्र, वारा नसलेल्या रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर असेच, पण पिसासारखे पातळ आणि चकचकीत स्फटिक उगवतात. ऊन त्यांच्यावर पडलं की सारा उतार लखलखतो. त्यावर नवा बर्फ हळुवार पडला, की ती पिसं तशीच उभी गाडली जातात आणि मधला पॉलिस्टरचा तागा तयार होतो. सेंटिमीटरभर जाडीचा हा थर कित्येक आठवडे टिकतो.

डोंगराची बाजूही पाहावी लागते. दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारावर ऊन लागतं, कोरड्या वर्षी तिथला बर्फ वितळून जमीन उघडी पडते किंवा वर कडक पापुद्रा धरतो. उत्तरेच्या सावलीतल्या उतारांवर साखर मुक्काम करते. खालून पाहणाऱ्याला अर्धा डोंगर काळा दिसतो आणि तो म्हणतो, बर्फ आहेच कुठे? जिथे आहे, तिथेच तो सर्वांत बिघडलेला असतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. नुसत्या पातळ, साखरेसारख्या बर्फावर दुसरं काही नसेल तोवर मोठं स्खलन होत नाही. सरकायला वर पाट लागतो, तो अजून नसतो. शिवाय झुडपं आणि धोंडे उघडे असतात, ते बर्फाला खिळ्यांसारखे धरून ठेवतात. म्हणून कोरडी वर्षं जानेवारीपर्यंत खरोखरच शांत जातात, आणि ती शांतताच फसवते. डोंगर हाताशी आला असं वाटायला लागतं. आणि मग उशिराचा, जोरदार झंझावात येतो.

2023-24 चा हिवाळा आठवा. डिसेंबर कोरडा गेला, जानेवारीही जवळजवळ पूर्ण कोरडा गेला. गुलमर्गच्या तपकिरी गवताचे फोटो देशभर फिरले, हॉटेलांची आरक्षणं रद्द झाली. बर्फ आला तो जानेवारीच्या अगदी शेवटी, आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा जोरात. 21 फेब्रुवारीला तिथे खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा सुरू झाल्या. 22 तारखेला गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमस्खलन झालं, त्यात एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला आणि बाकीच्यांना वाचवण्यात आलं. महिनाभरापूर्वी जिथे बर्फ नाही म्हणून हळहळ चालली होती, तिथेच.

पुढच्याच वर्षी हा क्रम आणखी ठळक दिसला. 2025 मध्ये गुलमर्गच्या त्याच स्पर्धा 22 फेब्रुवारीला सुरू व्हायच्या होत्या, बर्फ पुरेसा नाही म्हणून त्या पुढे ढकलून 9 मार्चला घ्याव्या लागल्या. आणि त्याच फेब्रुवारीच्या अखेरीस मोठा झंझावात आला. 28 तारखेच्या सकाळी उत्तराखंडात बद्रीनाथच्या पलीकडे, माणा गावाजवळ सीमा सडक संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर हिमस्खलन कोसळलं. जागा सुमारे 3,200 मीटर उंचीवर. बर्फाखाली 54 कामगार सापडले, 46 जणांना बाहेर काढता आलं, 8 जणांचा जीव गेला. ती माणसं लोखंडी कंटेनरांत राहत होती; कंटेनराच्या आत हवा शिल्लक राहिली म्हणून इतके वाचू शकले. आदल्या संध्याकाळी चमोलीसह उत्तराखंडातल्या पाच जिल्ह्यांसाठी 2,400 मीटरवरच्या भागात हिमस्खलनाचा इशारा निघालेला होता.

याला दुसरी बाजू नाही असं नाही. भरपूर बर्फाची वर्षंही भयंकर असतात. फेब्रुवारी 2005 मध्ये काश्मीरच्या कुलगाम भागातलं वालटेंगू नाड हे गाव दिवसेंदिवस चाललेल्या हिमवादळानंतर गाडलं गेलं आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. तिथे निव्वळ वजनाचा मारा होता. आणि महाराष्ट्राला जी आठवण जास्त जवळची आहे, ती वेगळ्याच जातीची आहे. 3 फेब्रुवारी 2016 ला सियाचिनवर साधारण 19,600 फुटांवरच्या सोनम चौकीवर बर्फाची प्रचंड भिंत कोसळली. तिच्याखाली दहा जवान गाडले गेले. माण तालुक्यातल्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी त्यांच्यात होते. लान्स नायक हनुमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि 11 तारखेला दिल्लीत गेले. ती हिमनदीच्या घट्ट बर्फाची कोसळ होती, तिथे थरांचा हा हिशेब लागू पडत नाही. थराची, वजनाची आणि हिमनदीची, या तिन्ही जातींना आपण एकाच शब्दाने, हिमस्खलन म्हणून, ओळखतो आणि मग सगळ्यांना एकच नियम लावतो. ट्रेकला जाणाऱ्या पोरांची गाठ बहुतेकदा पडते ती थराच्या स्खलनाशी.

उताराचा नियम मात्र सोपा आहे. थरांची स्खलनं साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात, सर्वांत जास्त 38 च्या आसपास. 25 च्या खाली क्वचित. उतार 45 हून फार तीव्र असेल तिथे बर्फ साठतच नाही, जसा पडतो तसा गळून जातो. आपल्या घराचा जिना 30 अंशांच्या आसपासचा किंवा थोडा जास्त असतो. म्हणजे जिन्याइतका किंवा त्याहून तीव्र वाटणारा बर्फाचा उतार दिसला की थांबून विचार करायचा. मोबाइलमधलं कोन मोजायचं साधन काठीवर टेकवलं तर अंदाज पक्का होतो. आपण सपाटीवर असलो म्हणून सुटलो असंही नाही: वर काय लटकतंय ते पाहावं लागतं. ओहळाच्या तोंडाशी जेवायला बसणं ही अगदी नेहमीची चूक.

पातळ बर्फाची आणखी एक खोड आहे. पाट सगळीकडे सारखा जाड नसतो. धोंड्याच्या बाजूला, झुडपाच्या भोवती, कडेला तो पातळ असतो, आणि तिथे माणसाच्या पावलाचं वजन थेट खालच्या साखरेपर्यंत पोचतं. जाड बर्फात ते वजन वरच्या वर पसरून विरतं. नवशिका माणूस नेमका त्या धोंड्याचा आधार घ्यायला जातो. तिथे तळाचा थर मोडला की ती मोड पाटाखालून सरसर पसरत जाते आणि पन्नास पावलांवरचा उतार सुटतो. कधी नुसता "धप्प" असा दबका आवाज येतो आणि पायाखालचा बर्फ इंचभर बसल्यासारखा वाटतो. तो आवाज ऐकला की मागे फिरायचं. डोंगर याहून स्पष्ट बोलत नाही.

जाणकार वाटाडे काय करतात, ते पाहण्यासारखं असतं. ज्या उतारावर जायचं आहे त्याच दिशेच्या, पण सुरक्षित जागी ते जमिनीपर्यंत खड्डा खणतात. खड्ड्याची भिंत सपाट करून थर हाताने चाचपतात: मूठ जाते का, चार बोटं जातात का, एकच बोट, पेन्सिल, की सुरीच लागते. वर पेन्सिल लागते आणि खाली मूठ सहज शिरते, अशी रचना सर्वांत वाईट. मग 30 सेंटिमीटर लांब-रुंद असा बर्फाचा खांब सुटा करून त्यावर फावड्याचं पातं ठेवतात आणि थापट्या मारतात. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या थापटीला खांब कुठल्या थरावर सरकला आणि किती सफाईने सरकला, ते पाहतात. पहिल्या दहांत गुळगुळीत सरकला, तर त्या उताराला हात जोडायचे. मात्र न सरकलेला एक खांब म्हणजे अभयपत्र समजू नये, कारण पातळ बर्फ दहा पावलांवर बदलतो.

जुन्या जाणत्यांचा एक नियम आहे: मोठी बर्फवृष्टी झाली की एक-दोन दिवस थांबा, बर्फ बसू द्या. नियम चांगला आहे, नवा बर्फ खरंच तेवढ्यात बसतो. पण कमी बर्फाच्या वर्षी तो अपुरा पडतो, आणि मला हा सगळा लेख लिहावासा वाटला तो मुख्यतः यासाठी. दोन दिवसांत वरचा पाट घट्ट होतो, खालची साखर सुधारत नाही. उलट पाट जितका घट्ट, तितका तो एकसंध तुटतो. अशा वर्षी दोन दिवसांचे दोन आठवडे होतात, कधी त्याहूनही जास्त. सुट्टी संपत आलेली असते, परतीचं तिकीट काढलेलं असतं, ऊन पडलेलं असतं. डोंगर निवळलेला दिसतो.

इशाऱ्यांची व्यवस्था आपल्याकडे जुनी आहे. 1969 मध्ये मनालीला सुरू झालेली, सासे नावाने ओळखली जाणारी संरक्षण खात्याची हिम आणि हिमस्खलन अभ्यास संस्था 2020 मध्ये दुसऱ्या एका संस्थेत मिळवून आता चंदीगडची डीजीआरई झाली आहे. हिवाळ्यात ती जिल्हावार इशारे काढते, जिल्हा प्रशासन ते प्रसिद्ध करतं. युरोपात धोक्याची पाचपायरी मोजपट्टी आहे, आणि तिथल्या मृत्यूंचा मोठा वाटा पाचव्या पायरीवर पडत नाही, तिसरीवर पडतो. पाचव्या पायरीवर सगळे घरी बसतात. तिसरीवर लोक म्हणतात, "मधलीच तर आहे."

आणि गाडलं गेल्यावर? पहिल्या 15 ते 18 मिनिटांत बाहेर काढलं तर दहांतले नऊ जगतात. 35 मिनिटांवर तेच प्रमाण दहांतले तीन असं होतं. बर्फ थांबला की घट्ट होतो, तोंडापुढची हवा संपते, आणि इतक्या वेळात बाहेरून कुणी पोचू शकत नाही. वाचवणार ते सोबतचेच. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर 457 किलोहर्ट्झवर जागा कळवणारा बीकन, पाठीवर शोधकाठी आणि धातूचं फावडं. तिन्हींपैकी एक नसेल तर बाकी दोन लंगडी पडतात. आणि संशयाचा उतार एकेकाने ओलांडायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून डोळे लावून बसायचं.

हे सगळं त्या रात्री सांगायला वेळ नव्हता. मी त्या मुलाला चिवड्याच्या डब्यावर चिकटवायला तीन प्रश्न लिहून दिले. पहिला बर्फ कधी पडला? त्यानंतर किती दिवस कोरडे गेले? शेवटचा मोठा बर्फ केव्हा आणि किती? सांकरीत पोचल्यावर सामान उतरवायच्या आधी तिथल्या वाटाड्याला विचार, म्हटलं.

पाचव्या दिवशी त्याने फोटो पाठवला. माथ्याचा नव्हता. हातमोजा काढलेला तळहात, त्यावर बर्फाचे टोकदार, सुटे दाणे, आणि बोटांच्या फटींतून खाली सांडलेले. खाली त्याने लिहिलं होतं, "काका, लाडू वळत नाही. गाईडने धारेवरून नेलं, सावलीचा उतार सोडून दिला. शेवटच्या चढाखालून परत फिरलो. आईला सांगा, सोमवारी घरी."